डबे झेलायचं खातं

रंगराव पोकळ्यांना बसायची सवय नव्हती. कंपनीत ते टर्नर होते, मी फिटर. सगळी नोकरी त्यांनी लेथसमोर उभं राहून काढली. जेवायच्या सुट्टीतही उभ्यानेच खायचे. बसलं की अंग आंबतं, म्हणायचे. ते निवृत्त झाले आणि घरच्यांनी त्यांना एक खुर्ची आणून दिली. चांगली होती. पाठीला गादी, पाय ठेवायला फळी. रंगरावांनी ती पाहिली आणि अंगणात निघून गेले.

त्यांचं घर धायरीत. घरापुढे रस्त्याला लागून पत्र्याची शेड आहे. कधीकाळी तिथे बैल असायचे, नंतर अडगळ होती. रंगरावांनी अडगळ काढली, टेबल ठोकलं, त्याला वस्तू आवळून धरायचा व्हाइस बसवला, पान्हे मापाप्रमाणे टांगले आणि रोज सकाळी आठला शेडमध्ये जायला लागले. घरातून शेडमध्ये जायला चपला घालायचीही गरज नाही. तरी ते कंपनीचे बूट घालायचे.

अडचण एकच होती. शेडमध्ये काम नव्हतं.

मुलगा दिग्विजय वरच्या मजल्यावर राहतो. हिंजवडीला एका आयटी कंपनीत एचआरमध्ये आहे. माणसं घेणं, माणसं समजावणं, माणसं काढणं, असं त्याचं काम. पोरगा चांगला आहे. बापाशी उद्धट बोललेला मी कधी ऐकला नाही. पण रस्ता रुंद झाल्यापासून आसपासच्या सगळ्या शेडची दुकानं झाली होती आणि शेड भाड्याने द्या म्हणून याच्या मागे एक मोमोवाला लागला होता.

एका रविवारी मी शेडमध्ये असताना तो खाली आला.

"पप्पा, तुम्ही इथे एक्झॅक्टली करता काय?"

"काम."

"कसलं?"

"आत्ता न्हाय काय. येईल."

"काम आलं तर शेड तुमची. पण जागा अशी रिकामी ठेवणं बरोबर नाही. आपण असं करू. दसऱ्याच्या दिवशी शेडमध्ये खरोखर काम चालू असेल तर मी परत विषय काढणार नाही. नसेल तर मोमोवाल्याला हो म्हणतो. तुम्ही वर एसीत आरामात बसा. फेअर?"

"चालू म्हंजे चालू. ठरलं."

तो गेल्यावर रंगराव बराच वेळ रिकाम्या व्हाइसचा दांडा फिरवत होते. मग म्हणाले, "रतन, त्या खुर्चीवर एकदा बसलो की मी उठत न्हाय बघ."

ते गंमत करत नव्हते. त्यांना गंमत करता येत नाही.

*

पुढच्या आठवड्यात मांजरीला एक जुनं ड्रिल मशीन विकायला आहे असं कळलं. आम्ही गेलो. ड्रिल मशीन अगदी चांगल्या हालतीत होतं. रंगरावांनी ते चालवून पाहिलं आणि नाही म्हणाले.

"का?" मी विचारलं.

"ह्याच्यात करायचं काय? ह्ये चालतंय."

परत येताना उसाच्या शेताकडेला रसवंती लागली. रस प्यायला थांबलो. रसवाल्याने ग्लास मांडून ठेवले होते ते एका उंच, लाकडी कपाटासारख्या वस्तूवर. कपाटाला पुढून काच होती, काचेखाली उतरती फळी, फळीवर एक मोडका दांडा आणि दोन बटणं. बाजूला रंगीत चित्र असावं. आता फक्त एक कान आणि टोपी ओळखू येत होती.

"ह्ये काय हाय?" रंगरावांनी विचारलं.

"गेम हाय. पोरं नाणं टाकून खेळायची. मेव्हण्याचं पार्लर बसलं, तवा हिकडं आणला. आता ग्लास ठेवायला बरा पडतो."

रंगरावांनी मागचं दार उघडलं. मीही डोकावलो. रस गळून गळून खालचं प्लाय भिजल्या पावासारखं फुगलं होतं. ट्रान्सफॉर्मरवर मुंग्या नांदत होत्या. उंदरांनी वायरी सोलल्या होत्या, आणि सोलून झाल्यावर काहींची घरटी केली होती. दांड्याखालचं प्लास्टिकचं बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती बांगडी, फुटून तिचे तुकडे तळाशी पडले होते.

रंगराव पुष्कळ वेळ बघत उभे राहिले.

"एवढं बिघडल्यालं मशीन मी जन्मात बघितलं न्हाय," ते म्हणाले. आवाजात आदर होता.

"मग ग्लास बाजूला घेऊ?" रसवाला म्हणाला. त्याला वाटलं गिऱ्हाईक नाराज झालं.

"घ्या. मी ह्ये नेतो."

रसवाल्याला ग्लास ठेवायला काहीतरी पाहिजे होतं. आम्ही त्याला लोखंडी टेबल करून दिलं, अँगलचं, चारी पाय सारखे, कुठे डुगडुग नाही. टेबल दिलं आणि गेम घेतला. टेम्पोतून उतरवताना दुर्गाबाई, म्हणजे वहिनी, दारात आल्या.

"ह्ये काय आणलं? कपाट?"

"मशीन."

"कशाचं?"

"खेळायचं."

वहिनींनी ते चारी बाजूंनी पाहिलं. "जत्रंत लावणार का?" म्हणाल्या आणि आत गेल्या.

*

काम चांगलं होतं. मी जास्त बोलत नाही, पण काम चांगलं होतं एवढं सांगतो.

खालचं फुगलेलं प्लाय कापून काढलं आणि नवं बसवलं. जोड कुठे आहे ते नखाने चाचपूनही कळत नाही. बाजूची पाटी पाणी लावून पॉलिश पेपरने घासली, एकाच दिशेने. घाई करणाऱ्याचा हात रंगाखालून दिसतो. घासून झाल्यावर रंगराव उन्हात तिरकं बघायचे आणि म्हणायचे, "परत." आम्ही परत घासायचो.

दांडा त्यांनी स्वतः केला. ओळखीच्या माणसाचं वर्कशॉप नऱ्ह्याला आहे, तिथल्या लेथवर. जुना दांडा पातळ पत्र्याच्या नळीचा होता. रंगरावांनी भरीव पोलादाचा केला. फुटलेल्या प्लास्टिकच्या जागी गनमेटलचं बुश केलं. असं बुश पाण्याच्या पंपात घालतात. पंप गेला तरी बुश राहतं.

"पोरांच्या खेळाला एवढं कशाला?" मी विचारलं.

"मग कुणाला करायचं एवढं?" ते म्हणाले.

दांडा बुशात घातला. तो स्वतःच्या वजनाने हळू हळू खाली उतरला, आवाज न करता. रंगरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आमच्यात एवढंच बोलणं होतं.

इलेक्ट्रॉनिक्सचं काम आमच्या हातचं नव्हतं. ते आम्ही केलं, आणि होतं त्याहून बिघडलं. मग कोथरूडहून कल्याणीताईंना बोलावलं. जुने टीव्ही आणि रेडिओ दुरुस्त करतात. इंजिनीयर आहेत. स्कूटरवर आल्या, पाठीला पिशवी, कपाळाला बॅटरी. त्यांनी मागचं दार उघडलं आणि बॅटरी आत मारली.

"ह्या वायरी कोणी जोडल्या?"

"आम्हीच," रंगराव म्हणाले.

"आपण टर्नर ना?"

"व्हय."

"वाटलंच. पीळ छान बसलाय."

त्यांनी आम्हाला लांब उभं केलं. बंद केलेल्या पिक्चर ट्यूबमध्येही करंट साठून राहतो, तो आधी काढावा लागतो. त्यांनी तो काढला, टक् असा आवाज झाला. मग बोर्ड घरी नेला, त्यातले मेलेले कंडेन्सर बदलले आणि परत आणून बसवला. आमच्या सगळ्या वायरी कापल्या. मी वाईट वाटून घेतलं नाही.

गौरी-गणपती झाल्यावर एका दुपारी त्यांनी बटण दाबलं. काच आधी काळीच राहिली. मग मध्ये एक रेघ आली, रेघेचं चित्र झालं. टोपीवाला एक माणूस हातात टोपली घेऊन उभा होता. वरून तीन घसरगुंड्यांवरून डबे यायचे, डावीकडून, मधून, उजवीकडून. दांडा हलवला की माणूस त्या बाजूला पळायचा आणि डबा टोपलीत झेलायचा. डबा निसटला की तो कपाळावर हात मारून घ्यायचा. तीन निसटले की खेळ संपला.

"झालं," कल्याणीताई म्हणाल्या.

"सगळं?" रंगरावांनी विचारलं.

"सगळं. चालू आहे."

"काय ऱ्हायलं न्हाय?"

"काही नाही. अहो, चांगली गोष्ट आहे ही. लोक आनंदाने उड्या मारतात."

रंगराव टेबलाला टेकून उभे राहिले. चेहरा उतरला होता. कल्याणीताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय सांगणार? दसरा अजून लांब होता आणि शेडमधलं काम संपलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी आठला मी गेलो तर रंगराव बूट घालून मशीनपुढे उभे होते.

"रतन, कंपनीत नवीन मशीन आलं की काय करायचो?"

"बसवायचो. मग ट्रायल घ्यायचो."

"ट्रायल कशी?"

"पाळीभर चालवायचं. किती माल येतो, किती खराब निघतो बघायचं."

"मग? ह्याची घेतली का?"

मी म्हणालो, "रंगराव, हा खेळ आहे."

"खेळ खेळणाऱ्याला. आपून ट्रायल घेणार."

ट्रायलला माणसं लागतात. भीमराव ढोले आले. ते मूळचे यवतमाळचे, आमच्या कंपनीत फौंड्रीला, ओतकामाला होते, आता धायरीतच भाड्याने राहतात. त्यांना ऑपरेटर नेमलं. आणि कोथरूडहून बस बदलत गोपाळकृष्ण लिमये आले. ते टाइम ऑफिसला होते. सगळी हयात त्यांनी गेटवर आमच्या हजेऱ्या लावल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. भीमरावांकडून कळलं आणि आले.

"पोकळे, हजेरी कोण लावणार?" त्यांनी विचारलं.

"लावतो की मीच."

"आपण लावलीत तर सगळे वेळेवर आलेले दिसतील. आपण सुपरवायझर आहात, माणूस म्हणून मऊ आहात. मी लावतो."

अशी व्यवस्था बसली. भीमराव मशीन चालवणार. मी तेलाचा डबा आणि फडकं घेऊन बाजूला उभा, मेंटेनन्स. लिमयेसाहेब दारात स्टुलावर, टाइम ऑफिस. रंगराव मागे हात बांधून फेऱ्या मारणार, सुपरवायझर. काम करणारा एक आणि बघणारे तिघे. कंपनीत यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

'खेळला' हा शब्द बंद झाला. 'चालवलं' म्हणायचं. निसटलेल्या डब्याला 'रिजेक्शन' म्हणायचं. जेवायच्या सुट्टीचा भोंगा म्हणजे वहिनींच्या कुकरची तिसरी शिट्टी. ज्या दिवशी वहिनी भात लावत नसत त्या दिवशी सुट्टी होत नसे. एकदा आम्ही दुपार टळेपर्यंत उपाशी राहिलो. शेवटी लिमयेसाहेब स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले.

"वहिनी, आज भोंगा नाही का?"

"आज भाकरी हाय."

"मग भाकरीला काही आवाज करता आला तर बघा."

एका संध्याकाळी दिग्विजय ऑफिसातून लवकर आला. गाडी लावून दारात थांबला. आत भीमराव दांडा धरून घामाघूम झाले होते. रंगराव त्यांच्या कानाशी बोलत होते, "उजवं बघा. उजवं आलं. घ्या. शाब्बास." मी तेल घालत होतो.

"पप्पा, तुम्ही चौघं गेम खेळताय?"

"ट्रायल चालू हाय."

त्याने थोडा वेळ पाहिलं. हसला नाही. तो सभ्य आहे. "हे बघा, मशीन रिपेअर करत होतात तेव्हा मी काही बोललो नाही. ते काम होतं, मान्य. पण हे मी काम म्हणून धरू शकत नाही. मोमोवाला दसऱ्याला जागा बघायला येतोय."

"दसऱ्याला बघू," रंगराव म्हणाले.

त्या दिवसापासून ट्रायल कडक झाली. आणि तिथेच घोळ झाला.

*

रिजेक्शन वाढत होतं. रंगरावांनी बारकाईने पाहिलं. निसटणारे बहुतेक डबे डावीकडचे होते.

"भीमराव, डावं सुटतंय."

"डावीकडं दांडा जड जाते ना, बाप्पा. उजवीकडं कसा पटकन जाते."

शेडमध्ये पडद्यावरचा माणूस कपाळावर हात मारत होता तेवढाच हलत होता.

"गनमेटलचं बुश हाय," रंगराव म्हणाले. "गनमेटल डावं-उजवं बघत न्हाय. मशीन जड न्हाय. हात जड हाय."

"माहा हात?"

"दुसरा कुणाचा हाय दांड्यावर?"

"माहा हात फौंड्रीत घडला, पोकळे."

"मग फौंड्रीत जावा."

भीमरावांनी दांडा सोडला. फडक्याने हात पुसले, फडकं घडी करून ठेवलं आणि बाहेर जाऊन शेडच्या पायरीवर बसले. "काम बंद," म्हणाले.

मला वाद नको होता. पण ऑपरेटर बाहेर गेला की मेंटेनन्स आत थांबत नाही. ही पद्धत आहे, ती आम्ही कोणी ठरवलेली नाही. मीही बाहेर जाऊन बसलो. लिमयेसाहेबांची मात्र अडचण झाली. ते स्टाफ. स्टाफने संपात उतरायचं नसतं. त्यांनी विचार करून स्टूल बरोबर उंबऱ्यावर ठेवलं, दोन पाय आत आणि दोन पाय बाहेर.

"मी संपात नाही," ते म्हणाले. "पण आत हजेरी घ्यायला माणूस नाही, तेव्हा बाहेरची घेतो. उद्या आठला दोघांनी पायरीवर हजर राहायचं. उशीर झाला तर संप मोडलात असं धरीन."

आम्ही दुसऱ्या दिवशी आठला हजर होतो. तिसऱ्या दिवशीही. रंगराव आत एकटे. संप चालू असताना सुपरवायझरने मशीनला हात लावायचा नसतो, हे त्यांनाही मान्य होतं. त्यामुळे ते मशीन चालू करायचे आणि लांब उभे राहून बघायचे. टोपीवाला माणूस मध्येच उभा. डबे येत, निसटत, खेळ संपत असे. ते परत चालू करायचे.

वहिनी चहा दोन्हीकडे द्यायच्या. "मला तुमच्या भांडणात ओढू नगा," म्हणायच्या. "कप तेवढे मोजून परत द्या."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी आत गेलो. मेंटेनन्स म्हणून नाही, मित्र म्हणून.

"रंगराव, उद्या दसरा. शेड बंद दिसली तर गेली."

"ठाव हाय मला."

"हाताचं बोललात ते मागे घ्या. भीमराव येतील."

"ते घेतो. चूक झाली माझी, माणसाच्या हाताला बोलाय नगं हुतं."

"आणि दांडा एकदा तपासून बघा."

त्यांनी दांड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बघितलाय."

"मग?"

"दोष न्हाय त्याच्यात."

"रंगराव."

"न्हाय म्हणलं ना. माझ्या हातचं बुश जड जातंय असं कबूल करून शेड ठेवायची, तर त्या शेडमधी जाऊन मी काय करू?"

मी परत पायरीवर जाऊन बसलो. लिमयेसाहेबांनी विचारलं, "आत कशाला गेला होतात?" मी सांगितलं. ते म्हणाले, "खासगी भेट धरतो. संपात खंड नाही."

*

दसऱ्याला सकाळी रंगरावांनी शेड धुतली. पान्हे, हातोड्या, कानशी, सगळी अवजारं तेलाने पुसून टेबलावर मांडली. हळद-कुंकू, झेंडू, आपट्याची पानं. मशीनला झेंडूचं तोरण बांधलं. नारळ फोडला. आम्ही तिघांनी पायरीवरून हात जोडले. संप असला तरी पूजेशी वैर नसतं.

पूजेत ठेवलेलं अवजार त्या दिवशी उचलायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उचलायचं. कंपनीत हा नियम मालकसुद्धा मोडत नसे. एकदा दसऱ्याला पाण्याचा नळ फुटला होता, तेव्हा बाहेरून प्लंबर आणला होता, त्याच्या हत्यारांसकट.

दहाच्या सुमारास दिग्विजय झब्बा घालून खाली आला. बरोबर मोमोवाला, अभिनव नावाचा. तरुण होता, स्वच्छ कपडे, हातात मोजायची टेप. दोघं आमच्यापुढे थांबले.

"अंकल लोक बाहेर का बसलेत?" अभिनवने विचारलं.

"संप आहे," लिमयेसाहेब म्हणाले.

"कशाचा?"

"डाव्या बाजूचा."

दिग्विजयने एकदा आत पाहिलं, एकदा बाहेर. तो सरळ आम्हाला घरी जा म्हणू शकला असता. पण माणसं तोंड पाडून बसलेली दिसली की त्याच्या तोंडून आपोआप तेच वाक्य येत असणार. म्हणाला, "बरं. तुमच्या डिमांड्स काय आहेत?"

तो पायरीवर बसला. झब्बा मळला तरी. भीमरावांचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये बोलला नाही. मग आत गेला, वडिलांचं ऐकून घेतलं. परत बाहेर आला. त्याला त्याचं काम येत होतं. तो कुठल्याच बाजूला 'बरोबर' म्हणाला नाही, आणि दोन्ही बाजूंना वाटलं की तो आपल्या बाजूचा आहे.

"पप्पा हाताबद्दल बोलले ते मागे घेतायत," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

"घेतलं," रंगराव आतून म्हणाले.

"आता फक्त दांड्याचा मुद्दा राहतो. त्यासाठी थर्ड पार्टी टेस्ट घेऊ. दोघांना चालेल?"

"कोण घेनार?" भीमराव म्हणाले. "तुम्ही नाही. तुम्ही त्यायचे पोरगे."

"रतनरावही नकोत. ते पायरीवरचे," लिमयेसाहेब म्हणाले. "आणि मी स्टाफ."

सगळ्यांनी अभिनवकडे पाहिलं. त्याने टेप खिशात घातली.

"मी? मी जागा बघायला आलोय."

"म्हणूनच," लिमयेसाहेब म्हणाले. "आपलं इथे कोणी नाही."

अभिनव बूट काढून आत आला. झेंडूचं तोरण बाजूला करून दांडा धरला. मोमोच्या पाऱ्या करून करून त्याची बोटं हलकी झाली असावीत. त्याने सुरुवातीलाच एकामागून एक डबे झेलले. रंगराव त्याच्या मागे येऊन उभे राहिले. भीमराव उंबऱ्यात. वहिनीही हात पुसत आल्या. अभिनवचं आजूबाजूला लक्ष राहिलं नाही. जीभ दातात धरून तो झेलत होता. मग डावीकडून लागोपाठ दोन डबे आले. पहिला झेलला. दुसरा निसटला. पडद्यावरच्या माणसाने कपाळावर हात मारला.

अभिनवने दांडा डावीकडे केला, उजवीकडे केला, परत डावीकडे.

"डावीकडे थोडं टाइट आहे, अंकल," तो म्हणाला. "अगदी थोडं. पण आहे."

भीमरावांनी मान खाली घातली. जिंकलेल्या माणसासारखे ते दिसत नव्हते.

रंगराव पुढे आले. त्यांनी दांडा धरला. डोळे मिटले. डावीकडे झुकवला, थांबले. उजवीकडे झुकवला. कंपनीत ते असेच डोळे मिटून बेअरिंग फिरवून बघायचे. नाही म्हणायचं असतं तर त्यांना म्हणता आलं असतं. अभिनव पोरसवदा होता, पहिल्यांदाच दांडा धरलेला. त्याचं म्हणणं कोणी धरून बसलं नसतं.

त्यांनी डोळे उघडले आणि सवयीने टेबलावरच्या पान्ह्याकडे हात नेला.

"अवं," वहिनी म्हणाल्या. "पूजा हाय."

हात तसाच थांबला.

"मम्मी, दोन मिनिटांचं काम असेल तर करू दे ना त्यांना," दिग्विजय म्हणाला. "विषय संपेल. मग अभिनवला जागा मोजता येईल."

"दोन मिन्टाचं?" रंगराव त्याच्याकडे वळले. त्यांना खरंच राग आला होता, शेडचा नव्हे, दोन मिनिटांचा. "दोष हाय बुशात. माझ्या हातचा दोष हाय. पर दोन मिन्टाचा न्हाय. दांडा काढायचा. बुश ठोकून काढायचं, तेही वाकडं न जाता. नऱ्ह्याला न्यायचं. कुठं घासतंय ते नीळ लावून बघायचं. हातानं थोडं थोडं खरवडायचं, बसवून बघायचं, परत काढायचं. लई काढलं तर नवं करावं लागंल. दोन मिन्टं म्हणतो."

"म्हणजे काम शिल्लक आहे," लिमयेसाहेब स्टुलावरून म्हणाले.

"हायच की."

"चालू आहे, असं म्हणा."

रंगराव बोलायचे थांबले. त्यांनी मुलाकडे पाहिलं. आपण काय बोललो ते त्यांना आत्ता कळलं. मुलालाही कळलं.

"दिग्या," ते म्हणाले, "काम चालू हाय. पूजंमुळं आज थांबलंय."

दिग्विजयने टेबलाकडे पाहिलं. प्रत्येक पान्ह्याला हळद-कुंकवाचं बोट लागलं होतं. शेजारी आई उभी होती. पूजेतलं अवजार उचला असं तो म्हणू शकत नव्हता, आणि अवजार न उचलता काम संपणार नव्हतं. शिवाय रिपेअर हे काम आहे हे तो स्वतः म्हणाला होता. त्याने चप्पल काढली, पुढे होऊन अवजारांना नमस्कार केला.

"ओके," म्हणाला. "चालू आहे. मी विषय परत काढणार नाही."

अभिनवने बूट घातले. तक्रार केली नाही. "तुम्ही सांगितलं नसतंत तर आज मोजली असतीस जागा," दिग्विजय त्याला हळूच म्हणाला, तू आणि तुम्ही यांचा घोळ करत. अभिनव म्हणाला, "पण टाइट होतं ना, सर." वहिनींनी त्याला आपट्याची पानं दिली आणि जेवून जा म्हणाल्या. तो जेवला.

दुसऱ्या दिवशी आठला आम्ही सगळे शेडमध्ये होतो. पूजा उचलली. संप मिटला होता, पण मशीन उघडल्यामुळे भीमरावांना चालवायला काही नव्हतं. लिमयेसाहेबांनी तरी त्यांची हजेरी लावली. रंगरावांनी दांडा काढला, बुश ठोकून काढलं, अगदी सरळ. तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरलं. एका बाजूला, बघणाऱ्यालाच दिसेल एवढी, चमक होती.

"किती काढायचं?" मी विचारलं.

मापाच्या बाबतीत हा माणूस कधी अंदाजाने बोललेला मला आठवत नाही. त्यांनी बुश फिरवलं, फुंकर मारली, परत उजेडात धरलं.

"बघू," ते म्हणाले.